तीन पायांचा उंट

आमच्या घरी नाताळ कंगव्यांपासून सुरू होतो. डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की आई सकाळी डबा हातात देताना म्हणते, ‘येताना कंगवे आण रे. गेल्या वर्षीचे कुठं गेले कोण जाणे.’ कुठं गेले ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. जानेवारीत ते बेसिनवरच्या आरशापाशी जातात आणि वर्षभर केसांत फिरतात. मग संध्याकाळी वसई रोडला उतरलो की फेरीवाल्याकडून मी बारीक दातांचे सहा कंगवे घेतो. ‘इतके?’ असं तो विचारतो. माझ्या डोक्याकडे बघत विचारतो, ते सोडा.

(घरात आम्ही कादोडी, ही वसईकडची बोली, बोलतो. इथं आई छापील मराठीत बोलताना दिसेल. तिनं वाचलं तर पोट धरून हसेल.)

कंगवे लागतात ते कुलकुलांसाठी. ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: शंकरपाळ्यांची ही ख्रिस्ती मावसबहीण. एक किलो मैदा, पाव किलो रवा, पिठीसाखर, दोन अंडी, चिमूटभर मीठ, वरून कडकडीत तुपाचं मोहन आणि नारळाच्या घट्ट दुधात मळलेलं पीठ. करंजीच्या पिठाहून किंचित सैल. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवायचं. मग बोराएवढी गोळी घ्यायची, कंगव्याच्या दातांवर ठेवायची, अंगठ्यानं दाबत खाली ओढायची आणि पातळ झालेली ती चकती एका टोकाकडून गुंडाळत आणायची. वर दातांच्या रेघा उमटतात, आत पोकळी राहते आणि हातात एक शिंपला येतो. किनाऱ्यावर सापडतो तसा. मग तळण, आणि वाटलं तर साखरेचा पाक.

यात अवघड असं काही नाही, फक्त संपत नाही. किलोभर मैद्याची बोराएवढी गोळी करत बसलात तर पाचशेच्या वर कुलकुलं होतात. एकट्या बाईनं करायला घेतली तर रात्रीचे दोन वाजतील आणि अंगठा सुजेल. त्यामुळं त्या दिवशी जो घरात असेल तो बसतो. आई पाटावर, तिच्या गुडघ्यांना आता जमत नाही तरी पाटावरच. बायको गॅसपाशी. थोरली, धाकटा, शेजारच्या आळीतली दोन चुलत भावंडं आणि मी जमिनीवर, मधे सुती चादर अंथरून. धाकटा सहा वर्षांचा होता तेव्हा त्याचं प्रत्येक कुलकुल गोगलगाय व्हायचं, मुद्दाम शिंगं काढलेली. तेलात शिंगं आधी करपायची. आई ती वेगळ्या डब्यात काढून ठेवायची आणि पाहुण्यांना ‘ही आमच्या बारक्यानं केलीत’ म्हणून पहिल्यांदा तीच द्यायची. करपलेली! पाहुणे बिचारे खायचे.

मला बरेच दिवस वाटायचं की सण टिकतो तो श्रद्धेमुळं. श्रद्धा आहेच, नाही म्हणत नाही. पण आमच्या घरातल्या कुठल्या गोष्टी मुलांनी धरून ठेवल्या आणि कुठल्या सोडून दिल्या, हे गेली काही वर्षं बघतोय. जिथं त्यांच्या हातांवाचून खरोखरच अडतं, तेवढंच त्यांनी धरलंय. नुसतं बघायला बोलावलं की ती येतात, फोटो काढतात आणि जातात.

चांदणीचंच बघा. माझे वडील दर वर्षी दारावरची चांदणी घरी करायचे. बांबूच्या कामट्या तासून, सुतळीनं बांधून, पाच टोकांचे दोन सांगाडे पाठीला पाठ लावून. त्यावर पतंगाचा कागद, पिठाची खळ. आत साठचा बल्ब. कामट्या धरून बसायचं काम माझं आणि धाकट्या भावाचं होतं, आणि खळ चाखून बघणं हा आमचा गुप्त धंदा. वडील गेले, मी नोकरीला लागलो, विरार फास्टमधून लोंबकळत घरी पोचेपर्यंत नऊ वाजायचे. एका वर्षी बाजारातून तयार चांदणी आणली. छान होती, दिव्यांची माळ आतच, घडी घालून ठेवता येते. ती आली आणि मुलांचं चांदणीशी नातंच संपलं. आता कधी लागली, कधी उतरवली, त्यांना पत्ता नसतो. दोष माझाच आहे.

केकची गोष्ट अर्ध्यावर आहे. माझ्या लहानपणी कुणाच्या घरी ओव्हन नव्हता. आई मिश्रण घोटायची, ते पत्र्याच्या गोल डब्यात ओतायची आणि आम्ही दोघं भाऊ तो डबा फडक्यात धरून गावातल्या बेकरीत न्यायचो. डब्याच्या बाजूला कागदाच्या चिठ्ठीवर वडिलांचं नाव. भट्टीपाशी अशा चिठ्ठ्यांचे वीस-पंचवीस डबे रांगेत. पावाची खेप निघाली की उरलेल्या धगीवर केक जायचे. कागद कधी करपायचा, कधी गळून पडायचा, आणि मग कुणाचा केक कुणाकडं! एका वर्षी आमच्याकडं आलेल्या केकमध्ये काजू निघाले. आईनं केकमध्ये काजू घातलेच नव्हते. तिनं एक तुकडा तोंडात टाकला, दोन सेकंद विचार केला आणि म्हणाली, ‘जाऊ दे, त्यांना आपला मिळाला असेल.’ आता घरात ओव्हन आहे. एक केक घरी होतो, दोन बाहेरून येतात. फळं रममध्ये बुडवायची ती मात्र ऑक्टोबरातच बुडतात आणि बरणी दर रविवारी हलवायचं काम थोरलीचं. ती हलवते की झाकण उघडून हुंगते, हा प्रश्न मी तिला विचारलेला नाही.

पण मुलांचं खरं राज्य गोठ्यात.

गोठा म्हणजे येशूजन्माचा देखावा. असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात खरा बैल, खरं गाढव आणि गव्हाणीत गवत ठेवून तो पहिल्यांदा मांडला असं मानतात. २०२३ मध्ये त्याला आठशे वर्षं झाली. वसईत आळीआळीतली पोरं मोठाले गोठे करतात, मोटार लावून झरे सोडतात, डोंगर उभे करतात, बेथलेहेमात नारळाची झाडं आणि रहाटाची विहीर असते. मला ते आवडतं. आमच्या घरचा गोठा मात्र साधा, ओटीच्या कोपऱ्यात, जुन्या खोक्यावर गोणपाट टाकून. त्यात गवत खरं हवं, हा आजोबांपासूनचा नेम. म्हणून नाताळच्या पंधरा दिवस आधी मुलं ताटलीत माती घालून त्यात नाचणी पेरतात. रोज सकाळी पाणी. चोविसापर्यंत चार बोटं हिरवंगार शेत उभं राहतं. एकदा दार उघडं राहिलं आणि शेजारच्या कोंबडीनं सगळं शेत फस्त केलं. त्या वर्षी मेंढपाळ उघड्या मातीत उभे होते. धाकट्यानं पुठ्ठ्याची पाटी लावली: ‘दुष्काळ’.

शेवाळाचं मात्र जड जातंय. आम्ही लहानपणी बावखलाच्या काठावरून शेवाळाच्या वड्या खरवडून आणायचो. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात मुरायचं, त्यावर केळी, पानवेल, फुलं. घरामागचं बावखल बुजवून तिथं चार मजली इमारत उभी राहिलीय. वाडीला पाणी कुठून येणार, पावसाळ्यात रस्ता का तुंबतो, या मोठ्या प्रश्नांवर जाणत्या माणसांनी लिहिलंय, मोर्चे काढलेत. माझा प्रश्न छोटा आहे: गोठ्यासाठी शेवाळ कुठून आणू? गेल्या वर्षी धाकटा आणि मी स्कूटरवरून तासभर हिंडलो. शेवटी एका पडक्या विहिरीच्या कठड्यावर सापडलं. त्या तासाभरात तो माझ्याशी जितकं बोलला तितकं अख्ख्या सहामाहीत बोलला नव्हता. स्कूटरवर समोरासमोर बघावं लागत नाही, त्याचा फायदा असावा.

मूर्ती आजोबांच्या वेळच्या, प्लास्टरच्या. मरियेचा निळा रंग उडून पांढुरका झालाय. एका मेंढराला कान नाहीत. आणि उंट तीन पायांचा. तो पाय माझ्या भावानं १९९१ मध्ये ओटीवर क्रिकेट खेळताना मोडला. टेनिसच्या चेंडूनं, कव्हर ड्राइव्ह मारताना, हे त्याच्या तोंडचं. चेंडू गेला होता स्लिपमधून. तेव्हापासून उंट कशाला तरी टेकवूनच उभा करावा लागतो. त्यामुळं आमच्या गोठ्याची सगळी रचना उंटापासून सुरू होते. आधी त्याला टेकू शोधायचा, मग बाकीचं बेथलेहेम.

या उंटाबरोबर तीन राजे येतात, आणि ते थेट गोठ्यात येत नाहीत. ते बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून निघालेले, त्यांना पोचायला वेळ लागणार. त्यांचा सण सहा जानेवारीचा. म्हणून चोवीसच्या रात्री बाळ गव्हाणीत ठेवलं जातं तेव्हा राजे आतल्या खोलीतल्या खिडकीत असतात. मग रोज थोडं थोडं पुढं. फ्रिजवर एक मुक्काम, आईच्या औषधांच्या डब्यापाशी एक, चपलांच्या रॅकवर एक. रोज सकाळी कुणी हलवायचे यावरून भांडणं. थोरली दहावीत असताना ‘हे काय बालिश’ म्हणून तिनं अंग काढून घेतलं. दोन दिवसांनी बघतो तर राजे तिच्या अभ्यासाच्या टेबलावर, भूमितीच्या पुस्तकाला उंट टेकवलेला. कुणी ठेवला विचारलं तर ती म्हणाली, ‘रस्ता चुकले असतील.’ माझ्या ऑफिसात दुपारी फोनवर एक फोटो येतो, खाली काही लिहिलेलं नसतं. नुसते तीन राजे, साखरेच्या डब्यापाशी. चर्चगेटला बसून मला कळतं की घरी सगळं ठीक आहे.

चोवीसच्या रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आता खरोखर मध्यरात्रीची राहिलेली नाही. उघड्यावरचा लाउडस्पीकर दहानंतर चालत नाही, म्हणून आमच्याकडं ती संध्याकाळीच सुरू होते. मुलांना हेच बरं वाटतं. मला बाराची आठवते: थंडीत डुलक्या, वडिलांच्या कोटाचा डांबरगोळ्यांचा वास, आणि ‘ग्लोरिया’ हे गीत सुरू झालं की एकदम घणघणणाऱ्या घंटा. आईला त्याच्याही आधीची आठवते, लॅटिनमधली. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ मध्ये झाली आणि त्यानंतर उपासना मराठीत आली. त्याआधी आजी लाल लुगडं नेसून, अंगावर सगळं सोनं घालून देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायची, पाठ झालेले लॅटिन शब्द म्हणायची आणि घंटा वाजली की गुडघ्यांवर यायची. ‘कळायचं काय?’ असं थोरलीनं एकदा आईला विचारलं. आई म्हणाली, ‘घरी गेल्यावर डुकराचं मटण आणि फुगे आहेत, एवढं कळायचं.’

फुगे म्हणजे तळलेले गोल पाव, हवा भरल्यासारखे टम्म. पूर्वी त्यांच्या पिठात ताडी घालून ते आंबवायचे. पंचवीसच्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात बायको आणि आई यांच्यात फुग्यांवरून जो शांत तणाव असतो त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. मला त्याच घरात राहायचंय.

‘नाताळ’ हा शब्द मुलांना सांगावा लागला. धाकट्याच्या वर्गातली मुलं ‘ख्रिसमस’ म्हणतात, आणि त्याला वाटायचं की नाताळ म्हणजे आपलं गावठी नाव. मी सांगितलं की हा पोर्तुगीज शब्द, अर्थ जन्माचा. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशाहानं तहात वसई पोर्तुगीजांना दिली, म्हणजे ऐन नाताळच्या दोन दिवस आधी. ‘गिफ्ट?’ त्यानं विचारलं. मुलांना इतिहास सांगताना असं होतं. मग १७३९ सांगितलं, चिमाजीअप्पा सांगितले, किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्या कुठं कुठं देवळांत टांगल्या तेही सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. म्हणून एका नाताळच्या सुट्टीत, सत्तावीस तारखेला गाडी काढून वाईजवळच्या मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, आणि तिथं ती पोर्तुगीज घंटा. धाकटा बराच वेळ तिच्याखाली मान वर करून उभा राहिला. परतताना म्हणाला, ‘आपली घंटा इथं बरी आहे. नदी आहे.’ राजांची त्या दिवशीची मजल चुकली होती, ती दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढली.

त्याच सुट्टीत शाळेनं प्रकल्प दिला होता. विषय ‘सण आणि कुटुंब’, चार्ट पेपरवर, चित्रं चिकटवून, दोन जानेवारीला जमा. घरात सण चाललेला आणि पोरगा ओटीवर बसून सणाची चित्रं इंटरनेटवरून छापून चिकटवतोय. बर्फ, रेनडिअर, धुराडं. मी शाळेचं नाव घेणार नाही, पण ज्यानं कुणी ही कल्पना काढली त्याला माझ्याकडून शिंगांची करपलेली कुलकुलं.

पंचविसाला दुपारी फराळाची ताटं निघतात. कुलकुलं, नेवऱ्या, केकचे तुकडे, वर आईनं कुरुशानं विणलेली जाळी. दिवाळीत ज्यांच्याकडून आली त्या सगळ्या घरी जायलाच हवीत, याची यादी आईच्या डोक्यात पक्की असते. ताट रिकामं परत येत नाही. कुणी मूठभर साखर टाकतं, कुणी चार केळी. ताटं पोचवायचं काम धाकट्याचं. दर घरी त्याला काहीतरी खायला मिळतं, त्यामुळं तो या कामाला कधी नाही म्हणत नाही आणि रात्री जेवत नाही.

भाऊ आता कॅनडात असतो, टोरोंटोजवळ मिसिसागाला. आमची चोवीसची रात्र ती त्याची सकाळ. फोनच्या पडद्यावर त्याच्या मुली काट्याच्या मागच्या बाजूवर कुलकुलं वळताना दिसतात. नारळाचं दूध डब्यातलं. रेघा आमच्यापेक्षा जाड पडतात. आई चष्मा चढवून पडद्याच्या अगदी जवळ जाते आणि म्हणते, ‘कंगवे पाठवते पोस्टानं.’ भावाचा प्रश्न दर वर्षी एकच असतो, ‘उंट कशाला टेकवलाय?’ मी फोन घेऊन ओटीवर जातो, दाखवतो. पडद्यावर बर्फात उभा असलेला पन्नाशीकडं झुकलेला माणूस तीन पायांचा उंट बघून समाधानानं मान हलवतो.

एकतीसला आळीतली पोरं जुन्या पँटीत आणि सदऱ्यात पेंढा भरून म्हातारा करतात, त्याच्या नावानं पैसे गोळा करतात आणि बाराला तो पेटवतात. माझी एक बरी पँट दोन वर्षांपूर्वी त्यात गेली. चौकशी चालू आहे.

आणि मग सहा जानेवारी. राजे पोचतात. संध्याकाळी प्रार्थना होते, उरलेल्या कुलकुलांचा डबा उलटा करून चुरा खाल्ला जातो आणि गोठा उतरतो. प्रत्येक मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात. गेल्या वर्षीचे कागद उघडले की गेल्या जानेवारीच्या बातम्या निघतात, त्या वाचत बसण्यात अर्धा तास जातो. यंदा थोरली जूनमध्ये पुण्याला शिकायला जाईल. अजून नक्की नाही, पण घरात सगळे नक्की असल्यासारखंच वागतात. या सहा तारखेला तिनं खोकं स्वतःकडे ओढलं आणि सगळ्या मूर्ती एकटीनं गुंडाळल्या. धाकट्याला हात लावू दिला नाही. शेवटी उंट राहिला. त्याला तिनं दोन कागद वापरले, मोडक्या पायाच्या जागी कापसाचा बोळा लावला आणि वर स्केचपेननं लिहिलं: ‘डावीकडं टेकवायचा. उजवीकडं पडतो.’

धाकटा म्हणाला, ‘मला माहितीये.’

‘माहिती असू दे,’ ती म्हणाली आणि खोक्याला सुतळी बांधायला लागली.